ड्यून संपलं एकदाचं!

दोन महिने उशाशी पडलेलं ड्यून (फ्रँक हर्बर्टची वाळवंटी ग्रहावरची सायन्स फिक्शन कादंबरी) आज सुट्टी बघून हातात घेतलं आणि सकाळपासून सोफ्यावरून हललोच नाही, आई दोनदा येऊन बघून गेली पोरगं बरंय ना. सुरुवातीला जाम कंटाळा आला होता हे खरं, नावंच इतकी की मागची शब्दांची यादी उलटून उलटून वैताग. पण यातला हिरो पॉल फक्त १५ वर्षांचा आहे राव! त्या वयात मी सायकलची चेन बसत नाही म्हणून रडलोय आणि हा परीक्षा म्हणून वेदना देणाऱ्या डब्यात हात घालून, मानेशी विषारी सुई असताना, हात जळत असल्यासारखं दुखतंय तरी गप्प उभा.

सगळ्यात लागलं ते जामिसचं, म्हणजे तिथल्या वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांपैकी जो पॉलशी द्वंद्व लढतो त्याचं. त्याला मारून पॉल आयुष्यात पहिल्यांदा माणूस मारतो, आणि कौतुक सोडा, त्याची आईच त्याला टोचून विचारते, माणूस मारून कसं वाटतंय म्हणून. मग त्याच जामिसच्या अंत्यविधीत पॉलच्या डोळ्यात पाणी येतं तर फ्रेमेन लोक हादरतात, कारण ते घामसुद्धा अंगातल्या खास सूटमधून गाळून परत पितात, तिथे मेलेल्यासाठी पाणी कोण सांडणार! इथे पुस्तक पाच मिनिटं बाजूलाच ठेवलं.

बाय द वे हे १९६५ चं आहे, आणि वीसेक प्रकाशकांनी नाकारल्यावर गाड्यांच्या रिपेअरिंगची पुस्तकं छापणाऱ्यांनी छापलं.

शेवट मात्र जरा घाईत उरकल्यासारखा वाटला. दुसरा भाग कुणाकडे असेल तर द्या रे, चहाचे डाग पडणार नाहीत (बहुतेक).