दोघी बहिणी, दोन पातळ्या

धाकटी किंडरगार्टनमध्ये, थोरली तिसरीत. दोघींना एकाच ट्रूपमध्ये, म्हणजे मुलींच्या तुकडीत, घालायचं, एवढंच मनात धरून मी गर्ल स्काउटचा फॉर्म भरायला बसले आणि तिथेच अडले. इथे अमेरिकेत त्यांचे गट इयत्तेप्रमाणे असतात. किंडरगार्टन-पहिली डेझी, दुसरी-तिसरी ब्राउनी, चौथी-पाचवी ज्युनिअर, सहावी ते आठवी कॅडेट, मग सीनियर आणि शेवटची दोन वर्षं ॲम्बॅसडर. माझ्या दोघींची ताटातूट ठरलेलीच.

धाकटीला लगेच जागा मिळाली. ब्राउनींचा जवळचा ट्रूप मात्र भरलेला. थोरली काही बोलली नाही, पण बहिणीचा गणवेशाचा निळा व्हेस्ट घरी आला तेव्हा त्याच्या शिवणीवरून नुसतं बोट फिरवत बसली. मला ते बघवेना.

चौकशी केल्यावर कळलं की ट्रूपशिवायही नाव नोंदवता येतं. अशा मुलीला ‘ज्युलिएट’ म्हणतात. १९१२ साली सव्हाना गावात १८ मुलींना घेऊन ही चळवळ सुरू करणाऱ्या ज्युलिएट गॉर्डन लो यांचं हे नाव. आणि त्यांचं घरातलं लाडाचं नाव डेझी! मी थोरलीला म्हटलं, “अगं, तुम्हा दोघींना एकाच बाईचं नाव मिळालंय.” तिची कळी तिथे खुलली. बॅज तिने घरीच मिळवायला घेतले, शिबिरालाही गेली. तरी मैत्रिणींची उणीव भासायचीच. एकटीने करण्यात शिस्त लागते, पण चार जणींत भांडून-मिटवून जे शिकता येतं ते राहून जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आणखी दोन आया भेटल्या, त्यांचीही हीच अडचण. वेगवेगळ्या पातळ्यांच्या मुलींचा मिळून एक ट्रूप काढता येतो. त्यासाठी एकमेकींच्या नात्यात नसलेल्या किमान दोन लीडर लागतात. पार्श्वभूमीची तपासणी झाली, प्रशिक्षण झालं, आणि आम्ही सुरुवात केली. धाकटीही आमच्याकडे आली. सुरुवातीचं वचन सगळ्या एकत्र म्हणतात, मग डेझी एका टेबलाशी, ब्राउनी दुसऱ्या.

डेझींना एकेका गुणासाठी रंगीत पाकळी मिळते. धैर्याची लाल पाकळी धाकटीच्या व्हेस्टवर थोरलीने लावून दिली, जरा तिरकीच. धाकटी ती सरळ करू देत नाही.