तेल लावावे आणि पुसून टाकावे

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पहिले भांडे मी स्वयंपाकासाठी घेतले, दुसरे पहिल्याला सोबत म्हणून घेतले आणि तिसऱ्यापासून कारणे देणे सोडून दिले. आता सात झाली आहेत आणि ती ठेवायची फळी मधोमध वाकली आहे, हे घरातल्यांच्या लक्षात माझ्या आधी आले.

जुन्या सामानात असे एखादे भांडे दिसले की मी ते सपाट जागेवर ठेवून कडेवर बोट दाबतो. डुगडुगले, तर तळ सपाट राहिलेला नाही. मग टिचकी मारून ऐकतो, कारण अखंड भांडे घंटेसारखे वाजते आणि तडा गेलेले बद्द. गंजाला मात्र मी घाबरत नाही. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, त्यामुळे वितळलेला रस साच्यात सहज पसरतो. पण त्याच कार्बनमुळे भांडे हातातून निसटले, तर पोचा पडत नाही, ते सरळ फुटते. अब्राहम डार्बी या कारखानदाराने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट १७०७ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले आणि वाळूची ती खरखर आजच्या पुष्कळ भांड्यांच्या अंगावर दिसते. ग्रिस्वोल्ड किंवा वॅग्नर या जुन्या अमेरिकी कारखान्यांची भांडी आतून घासून गुळगुळीत केलेली असत, म्हणून संग्राहक त्यांच्यामागे धावतात. मला ही गुळगुळीतपणाची भक्ती थोडी अति वाटते; खरखरीत भांडेही वापरून उत्तम तयार होते.

तयार होते म्हणजे काय, याविषयी माझा बरीच वर्षे गैरसमज होता. तेल लोखंडाच्या छिद्रांत मुरते, असे मी मानत होतो. प्रत्यक्षात तापलेल्या पृष्ठभागावर तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांचे कडक, काळपट कवच बनते. तैलचित्रातले जवसाचे तेल सुकते, ते याच जातीच्या क्रियेने. पहिल्या वेळी मी उदार हाताने तेल चोपडले आणि भट्टीतून, म्हणजे ओव्हनमधून, तपकिरी ओघळांचे, बोटाला चिकटणारे भांडे बाहेर आले. आता धुतलेले भांडे आचेवर पूर्ण कोरडे करतो, तेलाचा हात देतो आणि मग ते तेल जणू चुकून लागले होते, अशा निष्ठेने कोरड्या फडक्याने पुसून काढतो. पुसूनही जे उरते, तेवढेच पुरते. भांडे भट्टीत पालथे घालून सुमारे २३० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचे, आतच निवू द्यायचे, आणि हे तीन-चारदा करायचे. जवसाच्या तेलाचे कौतुक ऐकून तेही वापरून पाहिले. कवच टणक झाले खरे, पण महिन्याभरात त्याच्या खपल्या निघू लागल्या.

भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने हे कवच जात नाही. कॉस्टिक सोडा मात्र ते विरघळवतो, आणि जुन्या भांड्यावरचे थर उतरवायला संग्राहक हातमोजे घालून त्याचाच आधार घेतात. आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवला, तरीही कवच झिजते.

एवढी निगा राखूनही, जपायचे म्हणून जे सर्वांत देखणे भांडे मी तेल लावून फळीवर ठेवले होते, त्याच्यावरचे तेल खवट आणि चिकट होऊन धूळ धरून बसले. ते पुन्हा पहिल्यापासून घासावे लागले. सर्वांत पहिले, दिसायला अगदी गबाळे भांडे त्या फळीवर कधी गेलेच नाही, कारण ते शेगडीवरून उतरतच नाही.