टू-स्ट्रोक आउटबोर्ड दम टाकतंय? कार्ब्युरेटर जरा थांबू द्या

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावलेलं इंजिन, नीट चालेना की पहिला पाना कार्ब्युरेटरलाच लागतो. बऱ्याचदा दोष तिथेच असतो, हे खरं. पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलं असेल, तर जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं, कितीही लख्ख करा, काही उपयोग नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: कॉम्प्रेशन, ठिणगी आणि मग पेट्रोल.

कॉम्प्रेशन मोजताना सगळे प्लग काढा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप ओढून ठेवा आणि प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थ करा. त्या मोकळ्या लोंबकळत ठेवल्या तर कॉइल जळू शकते. थ्रॉटल पूर्ण उघडा, नाहीतर हवा आत न शिरल्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. प्लगच्या भोकात बसवलेल्या कॉम्प्रेशन गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी जोरात ओढा. मॉडेलनुसार साधारण 90 ते 130 पीएसआय दिसतं, पण नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो 10 टक्क्यांहून जास्त निघाला, तर अडकलेल्या रिंगा, ओरखडलेला बोअर (सिलिंडरची आतली भिंत) किंवा गेलेलं हेड गास्केट शोधा. बाकी खटपट तिथेच थांबवा.

ठिणगी पाहायला प्लग हेडला टेकवून दोरी ओढतात, त्यातून फारसं कळत नाही. उघड्या हवेत 1 मिमीची फट कमजोर कॉइलही पार करते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच कॉइल हार मानते. फट बदलता येणारा टेस्टर घ्या. सीडीआय (कपॅसिटरवर चालणाऱ्या) इग्निशनची ठिणगी 8 ते 10 मिमी निळी आणि कडक उडी मारायला हवी. एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल, तर दोन कॉइलची अदलाबदल करा; दोष कॉइलबरोबर सरकला, तर कॉइलच गेली. कुठेच ठिणगी नसेल, तर आधी किल स्विचची वायर इंजिनापाशी सोडवून पाहा. खारी हवा खाऊन हा स्विच आतल्या आत शॉर्ट होतो. मात्र वायर सोडलेली असताना इंजिन चालू झालं, तर ते स्विचने बंद होणार नाही. चोक ओढून बंद करावं लागेल.

आता पेट्रोल. न्यूट्रलमध्ये गुणी बाळासारखं चालणारं इंजिन गिअर टाकून थ्रॉटल दिला की बसतं, म्हणून ही तपासणी पाण्यात, लोडवरच करा. दम टाकत असताना कोणाला तरी प्रायमर बल्ब, म्हणजे पेट्रोलच्या होजवरचा रबरी फुगा, दाबायला सांगा. बल्ब चपटा झालेला असेल, तर पेट्रोल मागूनच अडतंय: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल किंवा टाकीतली जाळी तुंबलेली असेल. बल्ब दाबताच इंजिन उचल घेत असेल, तर पंपाचा डायफ्रॅम फाटलाय किंवा होजच्या कनेक्टरमधून हवा ओढली जातेय. बहुतेक वेळा तिथली एक क्षुल्लक ओ-रिंगच वाळलेली असते. बल्बने फरक पडत नाही, पण चोक अर्धा ओढल्यावर इंजिन सुधारतं? मग मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि आता कार्ब्युरेटर खुशाल उघडा.

त्याआधी फ्लोट बाउलमधलं (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल काचेच्या बरणीत काढून घ्या. तळाशी पाणी वेगळं झालेलं दिसलं, तर जेट साफ करून भागणार नाही, टाकीच रिकामी करावी लागेल. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता, अडखळणारं आणि वर छान पळणारं इंजिन असेल, तर पायलट जेट पाहा. उलट असेल, तर मेन जेट. कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा वापरा, तार घालू नका. भोक जरा जरी रुंदावलं तरी मिश्रण बिघडतं. आयडलच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे जातात, ते लिहून ठेवा. कंपनीचा आकडा नसेल, तर दीड फेरा बाहेर ही सुरुवात धरा. पक्कं सेटिंग गरम इंजिनावर, बोट पाण्यात आणि गिअरमध्ये ठेवून. कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखं होत असेल, तर लीन. धूर सोडत इंजिन जड होत असेल, तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

लीन इंजिन ‘किनाऱ्यापर्यंत नेऊ’ म्हणून दामटणं महागात पडतं. प्री-मिक्सवर, म्हणजे ऑइल आधीच पेट्रोलमध्ये मिसळलेलं असताना, ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी, आणि तापलेला पिस्टन बोअरला चिकटतो. यावर जास्त ऑइल ओतणं हा उपाय नाही. त्याच जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण आणखी लीन होतं. कंपनीने 50:1 सांगितलं असेल, तर लिटरला 20 मिली टीसी-डब्ल्यू3 (टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठीचं) ऑइल, बस.

इंजिन ओरडतंय, आरपीएम चढतोय आणि बोट मात्र सरकत नाही, असं असेल तर प्रोपेलर काढा. आतलं रबरी हब सुटलेलं असू शकतं. आतल्या नळीपासून बाहेरच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा, प्रोपेलर बसवून लोडवर चालवा आणि पुन्हा पाहा. रेघ तुटलेली दिसली, तर हब घसरतंय. इंजिनाला हात लावायची गरज नाही.