पाच अक्षरांचं पोस्टर

जुने रेडिओ जमवणाऱ्या माझ्या मित्राने प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि पोस्टर माझ्याकडे आलं. नाव ‘वेव्हज’, रोमन लिपीत, पाचच अक्षरं.

आधी मी टस्कन वळणाचा फॉन्ट लावला. टोकं दुभंगलेली, पोट फुगीर, उजवीकडे सावली. मी त्याच्या प्रेमातच पडलो होतो. मित्राने पाहिलं आणि विचारलं, “सर्कस येतेय का रे?” त्याचं बरोबर होतं. ते वळण एकोणिसाव्या शतकातलं. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये यंत्रावर लाकडी टाइप, म्हणजे छपाईची लाकडी अक्षरं, कापायला सुरुवात केली आणि भिंतीवरच्या जाहिरातींना मोठी, नटलेली अक्षरं मिळाली. रेडिओ घरात आला तो जवळजवळ शंभर वर्षांनी. सगळं जुनं एकाच काळाचं नसतं, हे मी विसरलो होतो.

मग रेडिओच्या काळातले नमुने शोधले. फ्रेंच पोस्टरकार कासांद्रने १९२९ मध्ये केलेला ‘बिफ्यूर’ हा फॉन्ट पाहिला: अक्षराचा एक भाग ठसठशीत भरीव, उरलेला नुसत्या बारीक समांतर रेघांचा. रेडिओच्या जाळीशी किती जुळतं ते! त्याच धाटणीचा, पोटातून पांढरी रेघ गेलेला एक नवा फॉन्ट घेतला. परवाना नीट वाचला, कारण फुकट मिळणारी प्रत फक्त खाजगी वापरापुरती होती.

खरा वेळ गेला अंतरं बसवण्यात. डब्ल्यू, ए, व्ही ही तिन्ही तिरक्या बाजूंची अक्षरं. ए आणि व्ही शेजारी आले की बाजू समांतर धावतात आणि मधे ढगळ फट दिसते. व्ही आणि ई मात्र अगदी चिकटलेले. कर्निंग, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांमधलं अंतर जुळवणं, हाताने केलं, कागद उलटा धरून. शब्द वाचता येत नाही तेव्हाच फटी दिसतात. एसला झोकदार शेपटीचं पर्यायी रूप होतं, ते लावलं आणि काढून टाकलं. एवढ्या नटलेल्या शब्दात तेच एकटं ओरडत होतं.

आमंत्रणपत्रिकेवर मात्र घोटाळा झाला. तेच नाव चौदा पॉइंटात छापलं तर पांढरी रेघ शाईने बुजली. ‘ए’ अक्षराच्या शेंड्याला नुसता काळा ठिपका. असे फॉन्ट मोठ्या आकारासाठीच काढलेले असतात. पत्रिकेवर रेघ नसलेलं भरीव रूप घेतलं. तारीख, वेळ, पत्ता दोन्हीकडे साध्या फॉन्टमध्ये ठेवला, कारण तो दुरून वाचता यायलाच हवा.

छपाईला देताना अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलली, म्हणजे तिकडे फॉन्ट नसला तरी काही हलणार नाही. पोस्टर लागलं तेव्हा मी लांब उभं राहून आधी ए आणि व्हीमधली फट पाहिली. बसली होती.