कीरिंगचे कुलूप

फोंड्यात आज पावसाने सकाळपासून ठाण मांडले होते, म्हणून घरूनच काम करायला बसलो, तर संगणकाच्या उबुंटू प्रणालीवरचे व्हीपीएन (कचेरीच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी) जोडताच पासवर्डाची खिडकी उघडली आणि मी अचूक टंकलेला व्हीपीएनचा पासवर्ड तिने तीनदा नाकारला. मध्ये वीज गेली, पुन्हा तेच. तासाभराने चष्मा पुसून नीट वाचले: खिडकी कीरिंगचा, म्हणजे जतन केलेले पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या पेटीचा, पासवर्ड मागत होती!

आईला भजने लावणे सोपे जावे म्हणून गेल्या आठवड्यात मीच स्वयंचलित लॉगिन सुरू केले होते. उबुंटूच्या ग्नोम या डेस्कटॉपची कीरिंग लॉगिनच्या पासवर्डाने उघडते. तो टाकलाच नाही, तर ती बंद राहते आणि आत जतन केलेला व्हीपीएनचा पासवर्ड जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या हाती लागत नाही. जोडणीच्या फाइलमधील 'पासवर्ड-फ्लॅग्ज' ही पासवर्ड कुठे ठेवायचा ते सांगणारी नोंद १ वरून ० केली असती, तर पासवर्ड त्या फाइलमध्येच राहिला असता, पण उघड्या अक्षरांत. फाइल फक्त रूटला, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासक खात्याला, वाचता येते हे खरे, तरी कचेरीचा पासवर्ड तसा ठेवणे मनाला पटेना. शेवटी स्वयंचलित लॉगिनच बंद केले. आई रुसली आहे. तिच्यासाठी वेगळे खाते उद्या उघडीन.