तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडचे कारखाने आपल्याला माल का विकत नाहीत?

दर भारतवारीत कोणीतरी विचारतंच. "इंग्रजी तर जगभर चालते, मग तुमच्या तिकडच्या, अमेरिकेतल्या कारखान्यांना बाहेर माल विकायला काय होतं?" ओहायोतल्या एका छोट्या पंपांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं ऑफिस सांभाळलं, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. जणू मीच अडवून ठेवलंय.

एकदा खरंच अडवलं होतं. 2011 साली कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतून एका फाउंड्रीची चौकशी आली. चार पंप हवे होते. मोटर 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ. पाइप जोडायच्या फ्लँजची मापं मिलिमीटरमध्ये. पैसे एल/सीने, म्हणजे कागदपत्रं दाखवली की बँक पैसे देते त्या पतपत्राने. मी धावतच मालकांकडे गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. आमची मोटर अमेरिकेतल्या विजेप्रमाणे 60 हर्ट्झची. शिरोलीत ती एक षष्ठांश हळू फिरणार, पाणी कमी पडणार. एल/सी त्यांनी जन्मात हाताळली नव्हती. "बिघडला तर तिकडे कोण जाणार?" एवढंच म्हणाले आणि नकार लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं: आम्ही देशाबाहेर विकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाउंड्रीतून फोन आला. मेलखालचं माझं आडनाव वाचून ते गृहस्थ मराठीतच बोलले. "ताई, किंमत तरी सांगायची. परवडलं नसतं तर आम्हीच नको म्हटलं असतं." मला एक शब्द सुचला नाही.

तेव्हा मी घरी म्हणायचे, हा इंग्रजीवाल्यांचा आळस आहे. आता तसं म्हणवत नाही. पन्नास राज्यं, एक चलन, मध्ये जकात नाही. शेजारच्या इंडियाना राज्यात ट्रक दुसऱ्या दिवशी पोचतो. घरात एवढं खपत असताना बंदराची वाट कोण धरणार? जर्मनीची निर्यात जीडीपीच्या 40 टक्क्यांहून जास्त, अमेरिकेची साधारण 11. अमेरिकेत मेट्रिकचा कायदा 1975 साली झाला, पण ऐच्छिक. इंच तसेच राहिले.

पण 50 हर्ट्झची मोटर विकत मिळते. कागदपत्रं माल परदेशी पाठवून देणारा फॉरवर्डर करतो, एल/सी बँक समजावून सांगते. मी हे मालकांना सांगू शकले असते. नोकरी नवी होती, गप्प बसले.

आणि महिन्याला आमचे दोन ट्रक कॅनडात, ओंटारिओला जात होते. तिथेही 60 हर्ट्झ, फोनवर तीच भाषा. तो परदेश आहे हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही, तो नकार लिहिताना माझ्याही नाही.