विलीज सहा व्होल्टवरच ठेवली, सेल्फ आता फिरतोय

माझ्या विलीज एमबीच्या (दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप) सेल्फचं, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरचं, काम एकदाचं मार्गी लागलं, निदान थंड इंजिनला तरी. आधी पायातला स्विच दाबला की सेल्फ घुर्र करून जरासा फिरायचा आणि बसायचा, मग उतरा आणि हँडल मारा. ज्याला विचारावं त्याचा सल्ला ठरलेला, १२ व्होल्ट करून टाक ना. पण युद्धात हीच गाडी आफ्रिकेच्या वाळवंटात आणि युरोपातल्या बर्फात याच सहा व्होल्टवर चालू व्हायची, मग पुण्याच्या थंडीत हिला काय झालं, म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

गणित सोपंय. सहा व्होल्टवर तेवढाच जोर काढायचा तर करंट दुप्पट लागतो, करंट दुप्पट म्हणजे त्याच वायरमध्ये ड्रॉप (वाटेत वाया जाणारं व्होल्टेज) दुप्पट, आणि तो जातो निम्म्या व्होल्टेजमधून, म्हणजे टक्क्यात धरलं तर चौपट फटका. १२ व्होल्टच्या गाडीत जो गंजका जॉइंट वर्षानुवर्षं खपून जातो तो इथे गाडी उभी करतो.

स्पार्क देणाऱ्या कॉइलची मेन एचटी (हाय टेन्शन) वायर काढून अर्थ केली (नाहीतर मोजता मोजता इंजिन चालू व्हायचं), मित्राला स्विचवर पाय ठेवायला बसवलं आणि मल्टिमीटर घेतला. बॅटरी नुसती असताना ६.३, सेल्फ मारताना बॅटरीच्या पोलवरच ५.१, आणि सेल्फच्या टर्मिनल ते बॉडी फक्त ३.९!! म्हणजे १.२ व्होल्ट रस्त्यातच गायब. मग तुकड्या-तुकड्याने मोजलं तर पॉझिटिव्ह केबल आणि थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक) मिळून ०.३५, पायातला स्विच ०.४ आणि अर्थची बाजू ०.४५. सगळ्यात जास्त चोरी अर्थमध्ये, आणि तिकडे कोणीच बघत नाही. मोजताना मीटरची पिन बॅटरीच्या पोलवरच टेकवायची, क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्पचा ड्रॉप लपून जातो.

केबल आधीच्या कोणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची टाकली होती, साधारण २५ स्क्वेअर एमएम. दोन मीटर लांबी आणि २०० अँपिअर धरले तर नुसत्या तांब्यातच ०.३ व्होल्ट जातात, ७० स्क्वेअरमध्ये तेच ०.१. बोहरी आळीतून ७० ची वेल्डिंग केबल आणली. घेताना टोक खरवडून बघा, अ‍ॅल्युमिनियमची पण सर्रास मिळते आणि वरून तांब्याचा मुलामा असलेली तर दिसायला हुबेहूब. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपिंगवाल्याकडून दाबून घेतले, हातोड्याने ठोकून नाही.

अर्थला बॅटरीची निगेटिव्ह चासीला येते पण इंजिन बसलंय रबर माउंटिंगवर, मधे एक जाळीची पट्टी, ती हिरवी पडलेली आणि बोल्टखाली मिलिटरी ग्रीन रंगाचे थरावर थर. रंग खरवडून धातू उघडा केला, नवीन पट्टी टाकली आणि शिवाय निगेटिव्हपासून एक केबल थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टला आणली. ओरिजिनलवाले नाक मुरडतील, मुरडू देत, काळी केबल आहे, दिसत पण नाही.

या गाडीत सोलेनॉइड (छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच) नाही, सगळा करंट पायाच्या स्विचमधूनच जातो. उघडला तर आतली तांब्याची चकती खड्डे पडून काळी, ती उलटी करून बसवली आणि समोरचे कॉन्टॅक्ट कानशीने सपाट केले.

सेल्फ खोलल्यावर अजून एक गंमत, कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) डायनमोचे घासून बसवलेले होते. मापात बसतात म्हणून वाइंडिंगवाले बसवतात, पण सेल्फच्या कार्बनमध्ये तांबं भरपूर असतं, त्याचा रंगच तांबूस दिसतो, आणि सहा व्होल्टला ते लागतंच. नाना पेठेत दुकानं पालथी घातल्यावर मिळाले. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) लेथवर हलका साफ केला, बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या) ढिले झाल्याने आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरणारा भाग, आतल्या स्थिर पोलला घासत होतं (चकाकणारे ओरखडे दिसतात), म्हणून नवीन ब्राँझ बुश रात्रभर तेलात बुडवून मग बसवले.

आता सेल्फवर ४.७ मिळतात. बॅटरीच्या पोलवर मात्र ५.० च, आधीपेक्षा किंचित कमी, आणि ते बरोबरच आहे कारण अडथळे गेल्यावर सेल्फ जास्त करंट ओढतो. फायदा दुहेरी झाला, सेल्फ मारताना बॅटरी पडली की कॉइललाही उपाशी राहावं लागतं, आता इंजिन भराभर फिरतं त्यामुळे बॅटरी खचायच्या आतच गाडी पकडते.

८ व्होल्टची बॅटरी टाका असंही काहीजण सांगतात. चालते, पण चार्जिंगचा रेग्युलेटर वाढवून सेट करावा लागतो आणि बल्ब लवकर जातात. सहाच्या सेल्फला १२ दिले तर फिरतो झकास, पण बेंडिक्स (सेल्फचा इंजिनमध्ये अडकणारा गिअर) आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात मार खातात, आणि ती रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मला नको.

राहिलाय तो गरम इंजिनचा प्रॉब्लेम. कात्रज चढून वर थांबलो की लगेच सेल्फ जड येतो. तांबं ६० डिग्री जास्त तापलं की त्याचा रेझिस्टन्स २३-२४ टक्के वाढतो, तेवढं तर होणारच, पण मला संशय आर्मेचरच्या वाइंडिंगचा पण आहे. ग्राउलरवर (वाइंडिंगमधला शॉर्ट शोधायचं यंत्र) चेक करायला दिलंय, आणि स्पार्कचं टायमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स नाही ना तेही बघतो. कोणाच्या एमबी किंवा जुन्या सीजेचं (युद्धानंतरची नागरी जीप) गरम असतानाचं सेल्फवरचं रीडिंग असेल तर टाका, माझं ४.२ येतंय.